गाडीचा ताप उतरतो, गावाचा चढतो

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर रांगेने मांडायचे आणि त्यांवरून रोडरोलर फिरवायचा, हे दृश्य राज्यातल्या अनेक शहरांत आता ओळखीचे झाले आहे. नागरिकही या कारवाईचे स्वागत करतात. ‘फटाका’ सायलेन्सरची गाडी ज्याच्या खिडकीखालून जाते, त्याला तिचा त्रास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे रूप बदलले आहे. पूर्वी बुलेटला ‘पंजाबी’ किंवा ‘इंदोरी’ सायलेन्सर बसवला की गॅरेजमधले काम संपत असे. आता नळीपाठोपाठ गाडीच्या संगणकातला इंधनाचा तक्ताही बदलून घेतला जातो. यालाच रिमॅप किंवा फ्युएल मॅप ट्यूनिंग म्हणतात. ‘नळी बदलली असली तरी मॅप करून घेतला आहे, त्यामुळे गाडी आता व्यवस्थित चालते,’ असे दुचाकीस्वार आत्मविश्वासाने सांगतात. गाडीपुरते ते खरे असू शकते. पण त्या गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांपुरते, कानांपुरते आणि झोपेपुरते ते खरे आहे का, हा आरोग्याचा प्रश्न आहे.

तक्ता म्हणजे काय?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्याच्या स्मरणात एक तक्ता असतो. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडला आहे याचा अंदाज, आणि प्रत्येक चौकटीत इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा याचा आकडा. डॉक्टर जसे वजन आणि वय पाहून औषधाची मात्रा लिहितात, तशीच ही इंधनाची मात्रा. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण एका भागाला १४.७ भाग हवा लागते, वजनाने. इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलला त्याहून कमी, साधारण साडेतेरा भाग हवा पुरते.

कंपनीने हा तक्ता मूळ सायलेन्सर गृहीत धरून तयार केलेला असतो. बहुतेक मोटरसायकलींमध्ये आत येणारी हवा थेट मोजली जात नाही. थ्रॉटल, फेरे आणि हवेचा दाब यांवरून तिचा अंदाज बांधला जातो. मोकळी नळी बसवली की धूर बाहेर पडायचा अडथळा कमी होतो, नळीतल्या दाबाच्या लाटांची वेळ बदलते आणि काही फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये जास्त ताजी हवा शिरते. तक्त्याला याचा पत्ता नसतो. तो जुनीच मात्रा देत राहतो. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मग इंजिन तापते, गाडी मध्येच अडखळते आणि थ्रॉटल सोडल्यावर नळीतून फटफट आवाज येतो. ट्यूनिंग करणारा या चौकटींतले आकडे वाढवतो, पेट्रोल जास्त देतो, आणि इंजिनाचा ताप उतरतो.

इथपर्यंत हे काम शास्त्रीय आहे आणि ते करणाऱ्या अनेकांकडे खरे कौशल्य असते. पण तापाचे औषध देऊन ताप उतरला म्हणजे आजार गेला असे होत नाही, हे घरोघरी माहीत आहे. इथेही तसेच आहे.

नळीबरोबर काय जाते?

मूळ एक्झॉस्टमध्ये नुसती नळी नसते. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावर हा थर तीन कामे करतो. कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून साधा नायट्रोजन वेगळा काढतो. चांगल्या स्थितीत हे काम तो नव्वद टक्क्यांहून अधिक पार पाडतो. बीएस-६ निकषांनुसार मोटरसायकलने दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅमपेक्षा आणि नायट्रोजन ऑक्साइडे ०.०६ ग्रॅमपेक्षा जास्त सोडायची नाहीत. हे आकडे गाठता येतात ते मुख्यतः या जाळीमुळे.

बाजारातल्या अनेक मोकळ्या नळ्यांमध्ये ही जाळी नसतेच. पूर्ण एक्झॉस्ट बदलला की ती गाडीतून जाते, आणि कोणताही तक्ता तिची जागा घेऊ शकत नाही. संगणकातला आकडा बदलून पेट्रोल कमी-जास्त करता येते, विषारी वायू निर्विष करता येत नाही. उलट ट्यूनिंग करताना ताकदीसाठी मिश्रण सहसा १३ च्या आसपास, म्हणजे घट्ट ठेवले जाते. घट्ट मिश्रणात सगळ्या कार्बनला पुरेल इतका प्राणवायू नसतो. त्यामुळे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत चढते, न जळलेले पेट्रोलही वाढते. या न जळलेल्या पेट्रोलात बेंझीन असते. ते माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात ठेवले आहे. त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे.

काहींची जाळी शाबूत असते, फक्त मागचा सायलेन्सर बदललेला असतो. हा तुलनेने कमी वाईट प्रकार. पण त्यावरही घट्ट तक्ता चढवला तर जाळी नीट काम करत नाही. तिला मिश्रण अचूक लागते आणि त्यासाठीच एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. तो धुरातला प्राणवायू पाहून संगणकाला ‘पेट्रोल कमी कर’, ‘वाढव’ असे सतत सांगत असतो. स्वस्तातल्या ट्यूनिंगमध्ये हा सेन्सरच बंद केला जातो किंवा त्याच्या जागी खोटा इशारा देणारा तुकडा लावला जातो, म्हणजे मीटरवरचा इंजिनाचा दिवा पेटत नाही. अतिदक्षता विभागात मॉनिटरचा भोंगा त्रास देतो म्हणून त्याची वायर उपटण्यासारखे हे आहे. शिवाय एकदा सेन्सर बंद झाला की पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल किती आहे, याप्रमाणे मात्रा जुळवून घेण्याची सोयही संपते. मग ज्या दिवशी, ज्या पेट्रोलावर तक्ता केला, तेवढ्यापुरताच तो बरोबर राहतो.

थ्रॉटल सोडल्यावर मुद्दाम फटाके वाजावेत म्हणून केलेले तक्ते हा याहून वाईट प्रकार. त्यात इंजिनात न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत ढकलले जाते आणि तिथे ते स्फोट होऊन पेटते. जुन्या गाड्यांवर किल्ली बंद-चालू करून जो खेळ चालायचा, तोच आता संगणकाकडून करवून घेतला जातो. जाळी असेल तर तीही यात वितळून निकामी होते.

‘पण पीयूसी मिळते ना,’ असे उत्तर यावर हमखास येते. पेट्रोल दुचाकीची पीयूसी चाचणी गाडी उभी असताना, मंद फेऱ्यांवर होते. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहिले जातात. नायट्रोजन ऑक्साइडे पाहिली जात नाहीत, आवाज मोजला जात नाही आणि थ्रॉटल उघडल्यावर काय होते हे तर कळतच नाही. मंद फेऱ्यांच्या चार चौकटी नीट ठेवल्या की प्रमाणपत्र मिळू शकते. ते प्रमाणपत्र उरलेल्या तक्त्याबद्दल काही सांगत नाही.

सर्वांत जवळचा माणूस

या धुराचा पहिला बळी रस्त्यावर नसतो, गॅरेजमध्ये असतो. तक्ता जुळवताना गाडी डायनोच्या रुळांवर किंवा नुसती स्टँडवर चढवून पुन्हा पुन्हा पूर्ण थ्रॉटलवर पळवली जाते. पावसाळ्यात शटर अर्धे खाली ओढलेले असते. आत अठरा-वीस वर्षांची मुले वाकून काम करत असतात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हवेत त्याचे प्रमाण ८०० पीपीएम, म्हणजे एक टक्क्याच्या बाराव्या भागाहूनही कमी असले तरी पाऊण तासात डोके दुखू लागते, चक्कर येते, मळमळते. दोन तासांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. जाळी नसलेल्या घट्ट मिश्रणाच्या गाडीचा धूर काही टक्क्यांचा असतो, म्हणजे याच्या कितीतरी पट. बंद खोलीत धोक्याची पातळी गाठायला तासभर लागत नाही.

दिवसभर काम केल्यावर डोके जड होणे, संध्याकाळी मळमळणे, सुट्टीच्या दिवशी मात्र बरे वाटणे ही तक्रार गॅरेजमधल्या कामगारांत असेल, तर ती पित्ताची म्हणून सोडून देऊ नये. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर इथे फसवा ठरतो. कार्बन मोनॉक्साइडने भारलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भारलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. खरी पातळी रक्ताच्या वेगळ्या तपासणीतूनच समजते. असा रुग्ण आढळल्यास त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, इंजिन बंद करावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर ते काम तास-दीड तासात होते. गरोदर स्त्रीच्या बाबतीत जास्त सावधगिरी लागते. गर्भाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि जास्त वेळ टिकतो.

सरासरीने कोणी जागे होत नाही

आता आवाजाकडे. १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटरसायकलसाठी कंपनीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. हा आवाज धावत्या गाडीपासून साडेसात मीटरवर मोजतात. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. ८० चे ९० झाले तर ध्वनीची ऊर्जा दसपट होते, ९५ झाले तर तीसपटीहून अधिक. तक्ता कितीही उत्तम असला तरी त्याने यातला एक डेसिबलही कमी होत नाही, कारण आवाज गिळणारी लोकर आणि कप्पे मूळ सायलेन्सरबरोबर निघून गेलेले असतात.

रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर कायद्याने शांतता क्षेत्र आहे. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. साडेसात मीटरवर ९० डेसिबलची गाडी शांतता क्षेत्राच्या बाहेरून, १२० मीटरवरून गेली तरी रुग्णालयाच्या भिंतीपाशी ६६ डेसिबल पोहोचतात. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर आवाज भिंतींवर आपटत जातो आणि यापेक्षाही कमी उतरतो. ‘शांतता क्षेत्र’ हा फलक अशा गाडीसमोर कुचकामी आहे.

कायद्यातल्या या मर्यादा सरासरीच्या असतात. पाच-सात सेकंदांत निघून गेलेली गाडी रात्रभराच्या सरासरीत दिसतही नाही. झोपलेला माणूस मात्र सरासरीने जागा होत नाही, तो त्या पाच सेकंदांनी होतो. जागा झाला नाही तरी त्याच्या नाडीचे ठोके वाढतात, रक्तदाब क्षणभर चढतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही, फक्त थकवा उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रात्रीच्या वेळी घराबाहेर सरासरी ४० डेसिबलचे लक्ष्य सुचवले ते झोपेवरच्या याच परिणामांमुळे. वाहतुकीच्या आवाजात वर्षानुवर्षे राहणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वाढते, हेही अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. नवजात अतिदक्षता विभागात तर ४५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. कमी दिवसांचे बाळ दचकले की त्याचा श्वास आणि रक्तातला प्राणवायू दोन्ही डळमळतात.

स्वतः चालवणाराही सुटत नाही. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. वेगात जाताना हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज मोठा असतो, त्यात नळीची भर पडते. कानाच्या आतल्या शंखातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रवासानंतर कानात शिट्टी वाजत राहणे हा त्यांच्या मृत्यूचा पहिला निरोप असतो. डायनोशेजारी रोज उभ्या राहणाऱ्या कारागिराला तर इअरमफशिवाय हे काम करूच देऊ नये.

बचावाचे मुद्दे

‘आवाज मोठा असला की ट्रकवाल्याला कळते, अपघात टळतो,’ हा मुद्दा मनापासून मांडला जातो. त्यामागची भीती खरी आहे, कारण रस्त्यावर दुचाकीस्वार सर्वांत असुरक्षित असतो. पण नळीचे तोंड मागे असते आणि धोका बहुधा पुढून येतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी १९८१ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटरसायकल अपघातांचा जो सविस्तर अहवाल सादर केला, त्यात तीन-चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका स्वाराच्या समोरच्या बाजूलाच होता. समोरच्याला दिसणे महत्त्वाचे, आणि म्हणूनच आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही पेटता ठेवला जातो. उजळ रंगाचे हेल्मेट आणि जॅकेट जे काम करते ते मोकळी नळी करू शकत नाही.

ताकदीचा मुद्दा म्हणावा, तर वीस हॉर्सपॉवरच्या आसपासच्या एका सिलिंडरच्या गाडीत नुसती नळी बदलून मिळणारी वाढ किरकोळ असते. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हा कानाचा भ्रम. ज्यांना खरोखर इंजिनाची मर्यादा पाहायची आहे, त्यांच्यासाठी बंदिस्त रेस ट्रॅक आहे. तिथे हेच कौशल्य सन्मानाचे ठरते.

कायद्याची स्थितीही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केले. आवाज आणि हवेच्या प्रदूषणासाठी कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

काय करावे?

कारवाई केवळ सणासुदीच्या मोहिमेपुरती नको. चौकीवर ध्वनिमापक असावा आणि नोंद लेखी असावी, म्हणजे वाद कानाच्या अंदाजावर राहणार नाही. पीयूसी केंद्रावर मूळ सायलेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर जागेवर आहेत का, एवढे नुसते डोळ्यांनी पाहिले तरी मोठा फरक पडेल. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये बिघाड नोंदवणारी यंत्रणा अधिक सक्षम झाली आहे. तिची नोंद वाचण्याची सोय तपासणीत यायला हवी. आणि रोडरोलर फक्त गाडीवरून उतरवलेल्या नळीवर फिरून उपयोग नाही. ती जिथे उघडपणे विकली आणि बसवली जाते, त्या दुकानापर्यंत चौकशी पोहोचली पाहिजे. बसवणाऱ्या मुलाला दंड करून विकणारा मोकळा राहणे हा न्याय नव्हे.

गॅरेजमालकांनी गाडी पूर्ण थ्रॉटलवर पळवायची असेल तर शटर पूर्ण उघडे ठेवावे, धूर नळीने बाहेर नेणारा पंखा बसवावा आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र भिंतीवर लावावे. काम करणाऱ्या मुलांची श्रवणचाचणी वर्षातून एकदा व्हावी. सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ती करून मिळते.

ज्यांनी नळी आधीच बदलली आहे, त्यांच्यासाठी परतीचा रस्ता अवघड नाही. मूळ सायलेन्सर बहुतेकांच्या घरी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असतो. तो परत बसवणे कोणत्याही मेकॅनिकचे थोड्या वेळाचे काम आहे. मात्र तो बसवताना जुना तक्ताही परत घालून घ्यावा, जोडलेले जास्तीचे यंत्र काढावे आणि ऑक्सिजन सेन्सर पुन्हा जोडावा. वाढवलेले पेट्रोल तसेच राहिले तर मूळ सायलेन्सरमधली जाळी तापून खराब होऊ शकते आणि पुन्हा तोच धूर बाहेर पडू लागेल. काम झाल्यावर मीटरवरचा इंजिनाचा दिवा किल्ली फिरवताच पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, हे स्वतः पाहूनच पैसे द्यावेत.